तिसरी तुंबडी

अमरावती, चांदाची सतरा तारीख, सोमवार संध्याकाळ

१. कापसाचे गठ्ठे उचलून सखूची कंबर धरली होती.
२. सकाळी मी तिला तीन तुंबड्या लावून रक्त काढले.
३. तिसरी काढताना ती घेरी येऊन पडली.
४. शुद्धीवर आल्यावर म्हणाली, "मले चवथा महिना हाय."

आधी का नाही सांगितलेस, असे मी विचारले. म्हणाली, "तू तं चांदच मोजून राहिली होती, बाई. माहे महिने कोनं इचारले?"

खरेच. सतरा तारीख तुंबडीला चांगली, म्हणून आज सोळा की सतरा, हे मशिदीत निरोप पाठवून मी दोनदा विचारले. तिला एकदाही नाही. बाईला आधी महिने विचारायचे, हाच अब्बांनी मला शिकवलेला पहिला प्रश्न होता.

आता तिच्या पोटात कळा येताहेत. माझ्याच खाटेवर निजली आहे. तिसरी तुंबडी किती खाली लावली होती मी? माकडहाडाच्या चार बोटे वर. की तीन? धुतलेल्या तुंबड्या पुन्हा धुतल्या. तिसरी तीनदा.

दोन दिवसांनी अचलपूरला अब्बांकडे पोचणाऱ्या गाडीवानाकडे एवढेच लिहून देते: अब्बा, चौथा महिना असलेल्या बाईच्या कमरेवर मी तुंबडी लावली. कळा थांबत नाहीत. काय करू? शुक्रवारपर्यंत उत्तर पाठवा.