लालबागेत घेतलेलं नाव

राजाजीनगर, बंगलोर
ता. ९ फेब्रुवारी १९६१

तीर्थस्वरूप सासूबाई,

तुमच्या पायांवर डोकं ठेवून अलकाचा नमस्कार. गुडघे आता कसे आहेत? मेथीचे लाडू पाठवते आहे (जरा कडू झालेत, पण औषधच ते). इकडे तुमचे चिरंजीव खुशाल आहेत. मीही खुशाल आहे, हे आधीच सांगते, कारण पुढचं वाचून तुम्हाला शंका येईल. शेजारच्या प्रेमाताई येत्या आठवड्यात मिरजेला येताहेत. गेल्या शनिवारी त्याही लालबागेत फिरायला आल्या होत्या. त्यांनी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडून ऐका.

शनिवारी आमच्या मराठी शाळेच्या दुसरीची सहल लालबागेत गेली. मुलं बत्तीस, मोठं माणूस मी एकटी. मुख्याध्यापिका कौशल्याबाईंनी बजावलं होतं, की तुम्ही शिकवता चांगलं, पण पुढारीपण अंगात नाही. ही सहल नीट पार पाडलीत तर जूनपासून कायम, नाहीतर नमस्कार. मी हिय्या केला. तुमच्या चिरंजीवांचा सल्ला घेतला, तर ते म्हणाले, आमच्या कारखान्यात फोरमनचाच हुकूम चालतो, बाकी कुणी ओरडलं तरी कुणी हलत नाही. (घरात ते स्वतः कुणाच्याच हुकमानं हलत नाहीत, तो भाग वेगळा.) मला पटलं. एकेका मुलाला एकेका झाडाखाली चित्र काढायला बसवलं आणि ठणकावून सांगितलं, की मी स्वतः नाव घेऊन हाक मारीन तेव्हाच उठायचं, दुसऱ्या कुणासाठी हलायचं नाही.

चार वाजता हाका मारायला लागले. एकतीस मुलं आली. बत्तिसाव्याशी आले आणि माझी जीभ टाळ्याला चिकटली. त्याचं नाव आणि तुमच्या चिरंजीवांचं नाव एकच! वर्गात मी त्याला 'बाळ' म्हणून वेळ मारून नेते. (हजेरी घेताना त्याच्या नावाशी आले की मला खोकला येतो, तो समजून 'हजर' म्हणतो.) उखाण्याखेरीज नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, ही तुमची शिकवण मी सात वर्षांत एकदाही मोडलेली नाही. 'बाळ, बाळ' म्हणून ओरडले, तर परक्यांची तीन बाळं धावत आली. मग मुलांना त्याच्या नावानं ओरडायला लावलं, पण हुकूम माझा, तो कसला हलतोय! झाडं शेकड्यांनी, आणि कुणाला कुठे बसवलं ते मी टिपून ठेवलं नव्हतं. एक माळी मदतीला आला. "अक्का, हुडुगन हेसरु हेळी," म्हणजे पोराचं नाव सांगा. नेमकं तेच मला घेता येईना. पलीकडे तळं दिसत होतं. नोकरी गेली चुलीत, त्याच्या आईला काय तोंड दाखवणार होते मी?

शेवटी बागेतल्या उंच कातळावर चढले, पदर खोचला आणि तुमचा शब्द राखून उखाणा घेतला:

"लालबागेत फुलल्या जाई, जुई, शेवंती,
त्रिविक्रमराव, बाहेर यावं, हीच माझी विनंती!"

एकतीस मुलांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमाताई "छान, छान" म्हणाल्या. मुलगा आला नाही. तेव्हा मात्र ठरवलं, पाप लागायचं तर लागू दे, आणि बेंबीच्या देठापासून ओरडले, "त्रिविक्रम! इकडे ये आधी!" बांबूच्या बेटामागून तो पाटी सांभाळत आला. "बाई, मघाशी तुम्ही 'राव' म्हणालात, मला वाटलं दुसरं कुणी." मी त्याला पोटाशी धरून रडले आणि मग एक धपाटा घातला.

कौशल्याबाईंनी मला कायम केलं आहे. तुम्ही सांगाल ते प्रायश्चित्त घेईन. पण पुन्हा मूल दिसेनासं झालं तर पुन्हा नाव घेईन, आणि उखाण्यात वेळ घालवणार नाही, हेही सांगून ठेवते.

तुमची (बऱ्याच अंशी) आज्ञाधारक,
सौ. अलका

ता. क. मार्चमध्ये म्हैसूरची दोन दिवसांची सहल आहे, पुढारी मीच. तेवढे दिवस तुम्ही इथे याल का? तुमच्या चिरंजीवांना चहाचं आधणसुद्धा ठेवता येत नाही.

आणखी एक. काल हे वर्तमानपत्रात डोकं घालून बसले होते. तीनदा 'अहो' म्हटलं, ढिम्म. मग नावानं हाक मारली, तर उठून दळण घेऊन आले. मामंजींना अलीकडे ऐकू येत नाही असं तुम्ही लिहिता. डॉक्टरकडे नेण्याआधी एकदा नाव घेऊन बघा.