काच की फायबर

हिंगणघाट

प्रिय नंदू,

परवा फोनवर तू म्हणालीस, "आई, यात एवढा विचार काय करायचा? फायबरच घे. काच आता कोण घालतं!" आणि मी पुढे काही सांगणार, तोच तुझ्याकडचा कुकर शिट्ट्या द्यायला लागला. तुझा कुकर मोठा शहाणा आहे बाई. बाबांचं नाव निघालं की बरोबर वाजतो. म्हणून म्हटलं, पत्र लिहावं. पत्रात मध्येच कुकर वाजत नाही. ओळी वर-खाली गेल्या असतील तर समजून घे. नवा चष्मा अजून यायचा आहे, आणि जुन्यातून तुझं नावसुद्धा धुक्यात उभं असल्यासारखं दिसतं आहे.

आता डोळ्यांवर आहे तो चष्मा मी तुझ्याच सांगण्यावरून फायबरचा केला होता. नाकावर वळ उठतात, कानामागे दुखतं, अशी माझी कुरकुर होती आणि तू म्हणालीस, हलका घे. हलका होता खरा. पहिले काही दिवस तर तो डोळ्यांवर असतानाच मी घरभर शोधत फिरायची. बाबा खुर्चीतून म्हणायचे, "अवं, आधी नाकावर पाह्य, मंग कपाटात पाह्य." पण वर्ष व्हायच्या आत काचांवर रेघाच रेघा. फायबरच्या असल्या तरी आपण त्यांना काचाच म्हणतो, काय करणार. मला वाटलं मोतीबिंदू आला. डॉक्टरांनी तपासलं, डोळे ठीक आहेत म्हणाले, नंबर तेवढा थोडा वाढला आहे. मग माझा चष्मा उजेडात धरून विचारलं, "मॅडम, हा तुम्ही घासणीनं घासता का?"

घासणीनं नाही. पण कोण पुसतं ते तुला माहीत आहे.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर होते तेव्हाची ती सवय. संध्याकाळी घरी यायचे तर भुवयांवर, मिशीवर, चष्म्यावर रुईचे तंतू. तू लहान होतीस तेव्हा त्यांना कापसाचा म्हातारा म्हणायचीस. नोकरी संपली, रुई गेली, पण सवय राहिली. सकाळी अंगणातल्या नळाखाली आधी धुवायचं, मग माझ्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं दाबून, गोल गोल पुसायचं. आधी तुझा, मग माझा, मग स्वतःचा. तू दोन वेण्या घालून, दप्तर पाठीला लावून, तोंड वर करून उभी राहायचीस आणि ते स्वतःच्या हातानं तुझ्या नाकावर चष्मा ठेवायचे. "पाह्य बरं, नागपूर दिसते का?" तू म्हणायचीस, "दिसते, संत्रं बी दिसते." मगच तू शाळेत जायचीस. एक दिवस चुकला नाही. तेव्हा आपल्या तिघांचेही चष्मे काचेचे होते, म्हणून ते दाबून पुसणं त्यांनी सोसलं. फायबरला ते सोसत नाही. त्याला वेगळं मऊ फडकं दिलं होतं दुकानदारानं. ते अजून डबीत घडी घालून आहे. मी एकदा बाबांना दिलं तर हातात घेऊन म्हणाले, "यानं का पुसल्या जाते? हे तं रुमालाचं पोरगं आहे."

मी त्यांना थांबवू शकले असते. म्हणायला हवं होतं की माझा चष्मा मी पुसत जाईन. पण नंदू, दिवसभरात आमचं बोलणं तसं थोडंच होतं. सकाळी नळावरून येऊन ते माझ्या हातात चष्मा देतात तेवढा एक क्षण असतो. तो मी कसा काढून घेऊ?

आता जे लिहिते आहे ते फोनवर कधी बोलता आलं नाही. सेलूहून ते लोक तुला बघायला आले होते, त्या दिवसाचं. बाबा स्वयंपाकघराच्या दारात आले आणि तुला म्हणाले, "चष्मा काढून ये बाई. पाचच मिनटं." मी चहा गाळत होते. तू माझ्याकडे बघितलंस आणि मी गाळणीकडे. तुझा नंबर केवढा, चष्म्याशिवाय स्वतःच्या हाताच्या पुढचं दिसायचं नाही. तू ट्रे घेऊन गेलीस आणि मानाचा पहिला कप नेऊन दिलास त्यांच्या जीपच्या ड्रायव्हरला. तो बिचारा कूलरची हवा लागावी म्हणून सोफ्याच्या टोकाला बसला होता. घ्यावा की नाही, त्याला समजेना. सगळे हसले. मुलाची आत्या म्हणाली, "पोरीले दिसत नाई का काय?" आणि बाबा घाईनं म्हणाले, "दिसते जी, चांगलं दिसते. घाबरली थे."

तू आत आलीस, चष्मा लावलास आणि परत बाहेर गेलीस. एकेकाकडे नीट बघितलंस. ड्रायव्हरकडेसुद्धा. मग चष्मा काढून बाबांच्या समोर टीपॉयवर ठेवलास आणि म्हणालीस, "मले नाई दिसत, बाबा. याच्याबिना काहीच नाई दिसत. ठेवा तुमच्यापाशीच." दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं, दहावीतला जुना चष्मा लावून तू पुण्याला गेलीस. त्यानंतर तू घरी आली नाहीस.

तुला नोकरी लागली, तुझं तिथे चांगलं चाललं आहे, मला आनंद आहे. कामासाठी नागपूरला येतेस तेव्हा मला बोलावतेस, आपण दोघी मावशीकडे जेवतो, तू मला परत बसमध्ये बसवून देतेस. बस सुटली की मी खिडकीतून बघत राहते. नागपूरहून हिंगणघाट असं किती दूर आहे गं? मी घरी येते तेव्हा बाबा तुझ्याबद्दल एक अक्षर विचारत नाहीत. फक्त म्हणतात, "ऊन होतं का तिथं?" मी म्हणते, होतं. ते म्हणतात, "डोक्शाले काही बांधलं होतं का?" मी म्हणते, हो, ओढणी होती. माझ्याकडे ओढणी नसते हे त्यांनाही माहीत आहे. मग ते कूलरमध्ये पाणी भरायला जातात.

तर गुरुवारी आम्ही चष्म्याच्या दुकानात गेलो. दुकान आता रत्नदीप बघतो, तुझ्या वर्गातला, कायम बाकावर उभा असायचा तो. बोलायला अजून तसाच. त्यानं काउंटरवर फायबरचं भिंग ठेवलं आणि बोटानं सरळ खाली ढकललं. फरशीवर टक् असा आवाज झाला. "पाहा काकू, काही झालं? काच असती तं झाडू आणा लागला असता." मग त्यानं काचेचं भिंग माझ्या तळहातावर ठेवलं. थंडगार आणि जड. म्हणाला, काचेवर ओरखडा पडत नाही, पण वजन आहे, पडली की गेली, आणि आता नागपूरहून मागवावी लागते, आठवडा लागेल. "आजकाल कोणी घेत नाई काकू. तुमचं वय झालं, हात थरथरते, काऊन काच घेता?" बाबा एकदम म्हणाले, "फायबर माह्या हातात टिकत नाई." रत्नदीप हसला, "काका, चष्मा काकूचा आहे नं?"

बाबांनी सदऱ्याच्या खिशातून एक डबी काढली आणि काउंटरवर ठेवली. आत तुझा चष्मा होता. तोच, जांभळ्या फ्रेमचा. एका दांडीचा स्क्रू पडला होता आणि तिथे पांढरा दोरा गुंडाळला होता, बारीक गाठ मारून.

मला वाटत होतं तो केव्हाच कपाटात तळाशी गेला असेल. रोज सकाळी दोनच चष्मे धुवायला नळावर त्यांना फार वेळ लागतो, हे मला कळत होतं. म्हणायची, वय झालं. बघायला गेले असते तरी काय दिसलं असतं? त्या वेळी माझा चष्मा त्यांच्याच हातात असतो.

रत्नदीपनं तो दुकानाच्या दिव्यासमोर धरला, फिरवून फिरवून पाहिला. "काका, काचच आहे. इतका जुना अन् एक रेघ नाई. कोनाचा आहे?" बाबा म्हणाले, "पोरीचा." तो म्हणाला, "मंग नंदू लावत नाई का?" बाबा म्हणाले, "बाहेरगावी राह्यते." मग माझ्याकडे न बघता विचारलं, "नंबर बदलला असन तं याच फ्रेमीत दुसऱ्या काचा बसते का?" रत्नदीप स्क्रू पिळता पिळता म्हणाला, "बसते नं काका. पण नंबर पाह्यजे. तिले घेऊन या." बाबा म्हणाले, "पाहू."

मी रत्नदीपला सांगितलं, माझ्या काचा काचेच्याच टाक. वळ उठतील नाकावर, उठू देत.

येताना ऑटोत बाबा डबी मांडीवर धरून बसले होते. उन्हात रस्ता नुसता चकाकत होता. आपल्या वळणाशी आल्यावर ते म्हणाले, "नंदू तुह्यासंग बोलते नं?" मी म्हटलं, बोलते. म्हणाले, "मंग सांगजो तिले. काच चांगली आहे अजून." एवढंच. पण नंदू, इतक्या वर्षांत त्यांनी तुला पाठवलेला हा पहिला निरोप आहे. तो फोनवर सांगितला असता आणि कुकर वाजला असता तर मला सहन झालं नसतं. म्हणून हे पत्र.

बुद्ध पौर्णिमेला ये. मी खीर करीन. आणि एक ऐक, दाराशी चष्मा काढू नकोस, लेन्स लावून येऊ नकोस, जो काही लावत असशील तो डोळ्यांवर ठेवूनच आत ये. बाबा माफी वगैरे मागणार नाहीत, त्यांना ते येत नाही. थोडा वेळ तुझ्याकडे बघतील आणि हात पुढे करतील. या वेळी चष्मा काढायला सांगतील तो पुसून द्यायला. देशील ना त्यांच्या हातात?

दाराकडे डोळे लावून बसलेली,

तुझीच
आई