सुळेवाल्यांचा शेवट

मंगळवार, ३ मार्च

सुळे बसेनात! जीव ओतून केलेले. छटा तिच्या दातांशी मिळवून, टोकं ओठाला लागू नयेत म्हणून पॉलिश करून करून बोटं झिजवलेली — आणि खारूताईने तोंडात घातले तर डावीकडे हवेत, उजवीकडे हिरडीत रुतलेले. आरशात स्वतःला बघून ती एवढी हसली की सुळे उडून थेट बेसिनमध्ये.

माझ्या हाताखालून रोज लोकांच्या कवळ्या जातात. डॉक्टरीणबाई माप पाठवतात, मी दात पाठवते, तक्रार म्हणून येत नाही. आणि घरच्या पोरीचे सुळे फसले!

चूक माझीच. नवं माप घेतलंच नाही. लॅबच्या फडताळात तिचा प्लास्टरचा जबडा आहे, दातांच्या तारा काढल्या तेव्हाचा, पंधराव्या वर्षीचा. तोच काढला, धूळ पुसली आणि कामाला लागले. मागच्या भागाचे सुळे त्याच्यावरच केले होते, तेव्हा कसे चपखल बसले होते! पण मागचा भाग येऊन किती वर्षं झाली? आमचे सुळेवाले — म्हणजे ती रक्तपिशाच्चांच्या प्रेमाची सिनेमामालिका, घरात तिला दुसरं नावच नाही — त्यांनी शेवटचा भाग एवढा लोंबकळत ठेवला की पोरगी वीस वर्षांची झाली. जबडा वाढणारच. लॅबमध्ये दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर मी त्याची चांगली हजेरी घेतली असती.

पोरीची आई म्हणजे माझी ताई, तिची बदलीची नोकरी. पोरीची शाळा सारखी मोडायला नको म्हणून मावशीकडे ठेवली, ती इथेच रुजली. आली तेव्हा पुढचे दोन दात एवढे बाहेर की बघताक्षणी नाव पडलं, खारूताई. दात सरळ झाले, नाव राहिलं. पहिला सुळेवाला सिनेमा आम्ही ती आली त्याच वर्षी पाहिला. तेव्हापासूनचा नियम — थिएटरात अंधार झाला की सुळे घालायचे, दिवे लागायच्या आत काढायचे. शनिवारी शेवटचा भाग. सुळ्यांशिवाय जाणं शक्यच नाही.

बुधवार, ४ मार्च

ताईचा फोन. आधी तिचे गुडघे, मग भाऊजींचं पथ्य, आणि मग हळूच — तुला खारूताईने सांगितलं असेलच ना? नाही सांगितलं.

तिला नोकरी लागलीये. ती शिकली त्याच कामाची. अपघातात गेलेले कान, बोटं, नाकं पुन्हा करून देणारी मोठी संस्था आहे, तिथे. रेल्वेने एक आख्खी रात्र आणि वर अर्धा दिवस, इतकी लांब. सोमवारी कळवायचंय. आणि ती नाही म्हणणार आहे. ताईने कारण विचारलं, तर म्हणाली, "मावशीला कोण आहे?"

ताई म्हणाली, तूच समजाव, तुझंच ऐकते. मी म्हटलं, बघते.

फोन ठेवला आणि — इथे तरी खोटं कशाला लिहू — आधी मला आनंद झाला. राहणार! माझ्या चहात साखर जास्त झाली म्हणून ओरडणारी, माझा चष्मा स्वतःच्या डोक्यावर ठेवून घरभर शोधणारी, राहणार! चांगला कपभर चहा होईपर्यंत तो आनंद टिकला. मग लक्षात आलं. माझ्यासाठी म्हणून राहणार. म्हणजे मीच तिची बेडी.

गुरुवार, ५ मार्च

विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दोघी मूग गिळून जेवलो.

शुक्रवार, ६ मार्च

लॅब बंद झाल्यावर तिला बोलावलं आणि नवं माप घेतलं. गुलाबी लगदा भरलेला चमचा तोंडात दाबून धरला. घट्ट होईपर्यंत तिला बोलता येत नाही, नुसते डोळे फिरवत बसायचं. मी समोर स्टुलावर.

माझ्या मनात आलं, हीच वेळ आहे. आता बोलले तर तिला उलट उत्तर देता येणार नाही. सांगावं सरळ — मला सगळं कळलंय, माझं काही अडत नाही, जा. तोंड उघडलं. आणि काय बोलले? गॅसचं सिलिंडर संपत आलंय, नोंदवायला हवं. त्यावर अजून, शेजारणीच्या मांजरीला पिल्लं झाली. ती लगद्यातून "हं, हं" करत राहिली. काय म्हणावं या बाईला! एरवी माझी जीभ टाळ्याला लागत नाही.

ती गेल्यावर प्लास्टर ओतलं. सुकल्यावर दोन्ही जबडे टेबलावर शेजारी ठेवले. एक पंधराचा, एक आत्ताचा. सगळ्यांत मागे अक्कलदाढा वर आल्यात. एकीने थोडी जागा धरलीये, दुसरी तिरकी येतेय. रोज समोर बसून जेवते ही, आणि मला पत्ता नाही. मी कितीतरी वेळ बोटाने तो नवा दात चाचपत बसले होते.

मध्यरात्रीच्या आत सुळे तयार. या वेळी असे बसले की काढताना टक्क आवाज झाला.

शनिवार, ७ मार्च

पाहिला. आता इथे खरं खरं लिहायला हवं, कारण दुसरीकडे कुठे लिहिण्याची सोय नाही.

नायिका रक्तपेढीत कामाला, हे पहिल्या भागापासून माहीत आहे. नायक दोनशे वर्षांचा, दिसतो पंचविशीचा. त्याच्या घरात सत्ता थोरलीची — सगळ्यांत जुनी पिशाच्चीण, जिने एकेकाला चावून ते घराणं उभं केलं. शेवटच्या भागात प्रश्न एकच: नायिका माणूस राहून म्हातारी होणार, की चावून घेऊन कायमची त्या घरात राहणार?

मधली लढाई फार लांबली. पाऊण तास नुसते झगे उडताहेत! खलनायक एवढा कपटी, आणि मेला कशाने, तर कोणीतरी पडदा ओढला आणि ऊन आलं म्हणून. चार भाग पडदे कोणाला दिसले नव्हते? नायिकेच्या आईच्या वाट्याला एक सीन. तिला सांगतात, मुलगी परदेशी चाललीये, आणि ती बाई मान हलवून कपबशी उचलून आत जाते. आणि सुळ्यांबद्दल मी बोलतच नाही. एवढा लांब सुळा हिरडीतून सर्रकन बाहेर येतो, परत आत जातो — अरे, मूळ कुठे मावतं त्याचं? नाकात?

पण शेवट! थोरली शेवटी नायिकेला चावते, मग तिच्या धाकट्या भावाला, मग त्या कपबशीवाल्या आईलाही. आणि सगळे एका लांबलचक टेबलाभोवती बसतात. बाहेर बर्फ पडतंय, आत दिवा. आता कोणी म्हातारं होणार नाही, कोणी मरणार नाही, कोणी कुठे जाणार नाही. थोरली एकेकाच्या तोंडाकडे बघते, जणू शाळा सुटल्यावर मुलं मोजतेय. काम काय केलंय त्या नटीने!

मी रडले. अंधारात, तोंडात सुळे, आणि गालावरून धारा. आवाज येऊ नये म्हणून ओठ दाबले तर सुळा टोचला. मला तो शेवट फार आवडला. इतका की दिवे लागूच नयेत असं वाटलं.

नंतर नेहमीप्रमाणे ज्यूसच्या दुकानात. तिथला आमचा जुना खेळ — नाणं मी उडवायचं. छापा आला तर मी सिनेमाच्या बाजूने बोलायचं आणि तिने विरुद्ध, काटा आला तर उलट. मनात काहीही असो, वाट्याला आलेली बाजू जीव तोडून लढवायची. निकाल ज्यूसवाला देतो. त्याने आमचा एकही सिनेमा पाहिलेला नाही, म्हणून निःपक्षपाती. हरेल तिच्याकडे आठवडाभर भांडी.

नाणं उडवलं, मनगटावर झाकलं, हळूच पाहिलं. छापा.

म्हणजे मी म्हणायचं, शेवट किती सुंदर, सगळे एकत्र राहिले. आणि सोमवारी तिला नोकरीचं हो-नाही कळवायचंय.

मी नाणं पर्समध्ये टाकलं आणि म्हटलं, काटा.

तिने तिची बाजू चांगली लढवली. संगीत, ते बर्फातलं घर, थोरलीचं काम, सगळं मुद्देसूद. मी लढाईवर, पडद्यावर, सुळ्यांच्या मुळांवर तोंडसुख घेतलं. ज्यूसवाला हसून हसून मोसंबी कापायचा थांबला. मग ती शेवटावर आली. म्हणाली, ज्यांचा एकमेकांवर जीव आहे ती माणसं एका घरात राहिली, यात वाईट काय? हे बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, स्ट्रॉ दुमडत होती.

मी म्हटलं, "ज्या घरातून कोणी बाहेरच जात नाही, ते घर नाही, माझं फडताळ आहे. त्यात ठेवलेल्या जबड्यांचं वय वाढत नाही, म्हणून ते काय सुखी आहेत? तुला पंधरा वर्षांची धरून मी सुळे केले. बसले का?"

तिने दुमडलेली स्ट्रॉ सोडून दिली. मग हळूच म्हणाली, "आणि थोरली? ती एकटी नाही का पडणार?"

"पडेल की. चार दिवस रडेल, मग शेजारणीशी भांडायला लागेल. हे सगळे यायच्या आधी काय ती उपाशी बसली होती?"

आवाज कापला नाही. कसा नाही कापला कोण जाणे. ज्यूसवाल्याने निकाल दिला — मावशी जिंकल्या.

रविवार, ८ मार्च

खारूताईने भांडी घासली. एरवी हरली की ताटं आपटते. आज एकेक पुसून जागेवर ठेवलं. मी पेपर वाचत होते, म्हणजे धरून बसले होते.

सोमवार, ९ मार्च

दुपारी लॅबमध्ये आली. माझ्या हातात एका निवृत्त मास्तरांची कवळी होती. त्यांना आधीसारखाच एक दात वाकडा हवाय, नाहीतर नातू ओळखणार नाही म्हणतात. ती दारात उभी राहून म्हणाली, "मावशी, मी त्यांना हो कळवलं."

मी विचारलं, कोणाला? जणू मला काही ठाऊकच नाही. मग तिने सगळं सांगितलं, मी सगळं पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं. कान करणार म्हणाली, सुरुवातीला कानच देतात. मी म्हटलं, कानाची पाळी जमली की बाकी जमतं. नंतर तिला जवळ घेतलं, तर माझ्या हाताचं मेण तिच्या केसांना लागलं.

ती गेल्यावर मास्तरांचा वाकडा दात सरळ बसवला गेला. पुन्हा काढला, पुन्हा लावला.

मंगळवार, २४ मार्च

खरेदी. दोन चादरी, कुकर, छत्री. चादरीच्या रंगावरून भर दुकानात वाजलं आमचं. बरं वाटलं.

रविवार, २९ मार्च

गाडी वेळेवर सुटली. मेली एरवी कधी सुटत नाही.

खिडकीतून हात हलवताना हिने सुळे घातले! समोरच्या सीटवरच्या बाईने बॅग पोटाशी धरली. मी हसले म्हणून बरं, नाहीतर तिथेच बसकण मारली असती. घरी आले तर चहा दोन कप टाकला गेला. दोन्ही मीच प्यायले.

बुधवार, १ एप्रिल

घर फार मोठं झालंय. शेजारणीशी भांडण काढायला गेले, तर तिने मांजरीचं पिल्लू हातात दिलं. परत केलं. मग पुन्हा जाऊन बघून आले.

रविवार, ५ एप्रिल

फोन. खोली चांगली आहे, नळाला पाणी आहे, पहिला कान जमला, एका आजोबांना बसवला तर त्यांनी आधी आरसा मागितला आणि मग चष्मा, कारण आता चष्मा टेकायला जागा झाली. सांगताना तिचा आवाज कसा फुलला होता!

मग म्हणाली, आता खेळ संपला, आता खरं सांग, सुळेवाल्यांचा शेवट तुला आवडला होता ना? अंधारात नाक ओढलेलं ऐकलं मी.

मी म्हटलं, हो. फार.

"मला नव्हता आवडला," ती म्हणाली. "ते सगळे टेबलाभोवती बसले ना मावशी, तेव्हा मला श्वासच घेता येईना. आणि नेमकी माझ्याच वाट्याला ती बाजू आली. वाटलं, तू हरलीस तर मी संपले."

आणि मी बापडी इतके दिवस समजत होते की त्याग माझा! मघापासून एकटीच हसतेय. डोळे पुसायला पदर पुरेना, पण हसतेय.