मोडीचा भाव

६ जून २००२

पुण्याचा पारशी बावा आज टेम्पोत होडी घालून थेट दुकानाच्या दारात! घोडेगावची अर्धी पेठ गोळा झाली. समोरचा शेंगदाणेवाला विचारतो, "शेठ, मासेमारी सुरू केली का काय?" डोकंच फिरलं माझं. जैनाच्या दारात उभं राहून हा विनोद!

होडी मात्र — काय सांगू! सागवानी, तांब्याच्या खिळ्यांची, १९३८ साली मुंबईत बांधलेली. बावानं घासून नुसतं वार्निश दिलंय, शहाणपणा केलेला नाही. पण मागं लटकवलीय जपानी मोटार, प्लॅस्टिकची टोपी घातलेली. नऊवारी नेसून पायात कॅनव्हासचे बूट, तसं दिसतं. त्याला होडीच्या वयाची इंग्लिश मोटार पाहिजे. पितळी टाकी, उघडं चाक, दोरी गुंडाळून ओढायची. "मुंबईला मझगावात सगळे म्हणाले, लालचंदला विचार. तो सांगेल ती किंमत, तो बसवेल ती मोटार."

माझं नाव तिथं अजून निघतं! अकरा वर्षं काढली तिथल्या होड्यांच्या वर्कशॉपात. वडलांची एकच अट होती, मासेवाल्याच्या होडीला हात लावायचा नाही. म्हणून क्लबातल्या साहेबलोकांच्या जुन्या होड्या वाट्याला आल्या. पुढं वडील गेले आणि हे नटबोल्टांचं दुकान गळ्यात पडलं.

होडीच्या मागच्या फळीची उंची मोजली. पंधरा इंच. म्हणजे आखूड पायाची, पंखा फार खोल न जाणारी मोटार लागणार. अशी मोटार इकडं एकच आहे, भागूची. डिंभे धरणाच्या पाण्यावर माणसं पलीकडं नेणारी त्याची होडी तीच मोटार ओढते.

बावा म्हणाला, "चालू असेल आणि सगळे पार्ट मूळचे असतील, तर पंचवीस हजार डोळे मिटून देईन."

मी म्हणालो, "बघतो."

का म्हणालो बघतो? लगेच भागूचं नाव का नाही सांगितलं?

९ जून

रविवार. सुरतेहून जिनेशचा फोन. "पप्पा, बरे आहात ना?" बरा आहे. सूनबाई टीना बरी आहे. नात सिद्धी फोनवर बोलायला लाजते. बायको सज्जन गेल्यापासून माझ्या मुलाचा फोन तीन मिनिटांच्या वर गेलेला नाही. घड्याळ लावून बघितलंय मी.

१४ जून

बाजार. भागू आला. एसटीच्या टपावरून मोटार उतरवून डोक्यावर घेऊन, नेहमीसारखा.

"शेठ, लई धूर टाकती ओ."

"तेल दुप्पट ओततोस, मग धूर नाही तर काय अत्तर टाकेल?"

हसला. चहा सांगितला. मी प्लग काढून घासला. आठ वर्षांपूर्वी ही मोटार माझ्याकडं आली तेव्हा गंजाचा गोळा होती. धरणावरचा कुणी साहेब बदली होऊन जाताना भागूला देऊन गेलेला. मी चार महिने खपलो तिच्यावर. तेव्हापासून दर बाजाराला हा येतो, काहीतरी बिघाड घेऊन. मग दोन तास बसतो. पलीकडच्या वाडीत कोण आजारी, कुणाची म्हैस व्याली, पाणी किती हात खाली गेलं, सगळं सांगतो. मी ऐकतो.

आठवडाभर माझ्याशी गिऱ्हाइकं बोलतात, पण ती अर्ध्या इंची की पाऊण इंची एवढंच. आज भागू बसल्या बसल्या म्हणाला, "शेठ, चष्मा नवा केला व्हय?" पंधरा दिवस झाले चष्मा करून. कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

बावाचं सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणे! मी सांगितलं नाही.

२८ जून

आज वाईट केलं.

भागूची लेक प्रतिभा बारावी झाली. नाशिकला नर्सिंगला नंबर लागलाय. फी अठरा हजार, एकतीस जुलैच्या आत भरायची. भागू बाकावर बसला आणि मोटारीवर हात ठेवून म्हणाला, "शेठ, हिचं काय येतील? ईकून टाकतो. पोरगा सुनील म्हनतो, पोरीला धाडा नाशकाला आन तुमी दोगं भोसरीला या माझ्याकडं. व्हडी बंद. आता माझ्यानं दोरी वढवत बी न्हाई."

होडी बंद म्हणजे बाजार बंद. म्हणजे भागू बंद.

तोंडातून निघून गेलं, "मोडीत जाईल भागू. किलोवर."

"मोडीत? येवढी चालती ती?"

"जुनी आहे. पार्ट मिळत नाहीत. पितळेचं काय येईल ते. बाकी बिडाला कोण विचारतो?"

त्यानं मोटारीवरचा हात काढला. मग म्हणाला, "तुमी म्हनता मंजी तसंच आसंल."

माझ्या गल्ल्यात बावाचं कार्ड होतं. हाताच्या अंतरावर!

२९ जून

दिवसभर स्वतःशी वकिली केली. मी खोटं कुठं बोललो? मोडीत दिली तर किलोवरच जाईल. पितळेला भाव आहेच. एकेक शब्द खरा. दुकानदाराची जीभ! लहानपणापासून हेच शिकलोय, खरं बोलून फसवायचं.

१२ जुलै

भागू आला. मी विचारलं नाही, त्यानंच सांगितलं. "सुनीलकडं बगितलं. त्याचंच वढाताणीचं हाय. बायडाबाई म्हनती, ऱ्हाऊ द्या, पोरीच्या जातीला शिकून काय करायचं." बायडाबाई म्हणजे त्याची बायको, तोंडानं तिखट, पण लेक म्हणजे जीव. असं ती मनापासून म्हणणार नाही. मी म्हणालो, "मी देऊ का काही?" तर हात जोडले. "न्हाई शेठ. फेडनार कशानं?"

बघा! उसने द्यायला निघालो, त्याचे त्याला द्यायचे सोडून.

३१ जुलै

नाशिकच्या फीची शेवटची तारीख. पाऊस. गिऱ्हाईक सहा. पाच वाजेपर्यंत उठून बावाला फोन करता आला असता. केला नाही.

१८ ऑगस्ट

बावाला गोव्यात मोटार मिळाली. डिंभ्याच्या पाण्यावर ती बसवून द्यायला मला नेलं. इंग्लिशच, पण लांब पायाची. फळीवर पाच इंचांचा सागवानी ठोकळा चढवला, तेव्हा पंख्याचा मेळ लागला. चालली. पण उंटासारखी मान वर काढून बसलीय मागं. बावा बिचारा खूश. "लालचंद, तुमने कमाल किया!" कसली कमाल! या फळीवर भागूची मोटार ठोकळ्याशिवाय बसली असती, नखाएवढी फट न राहता.

परत वळलो तर लांब पाण्यात भागूची होडी दिसली. भागूनं हात केला. मीही केला.

४ सप्टेंबर

पर्युषण सुरू. आज उपवास. जैन स्थानकात प्रवचनाला साध्वी महासतीजी म्हणाल्या, खोटं नुसतं शब्दानं होत नाही, ऐकणाऱ्याच्या मनात जे उतरतं त्यानं होतं. माझ्याकडं बघून म्हणाल्या असं वाटलं. त्यांना तर दिसतही नीट नाही.

११ सप्टेंबर

संवत्सरी, क्षमा मागायचा दिवस. प्रतिक्रमण झालं. सगळे एकमेकांना हात जोडून "मिच्छामि दुक्कडम्" म्हणत होते. मीही म्हणालो, पंचवीस-तीस जणांना. ज्यांचं मी काही वाईट केलं नाही त्यांना! जिनेशचं क्षमापनेचं कार्ड आलंय. छापील. खाली सही, तीही छापील.

आता खरी क्षमा. दुकानाच्या लेटरहेडवर लिहिलं, "श्री. भागू यांची इंग्लिश मोटार मी तपासली आहे. पितळी टाकीसह सर्व भाग मूळचे. चालू स्थितीत. योग्य किंमत रुपये पंचवीस हजार." सही, शिक्का. अजून दुसरा बावा मिळेल. मी मझगावला स्वतः जाईन. परवा बाजार. भागू आला की चहाच्या आधी हातात द्यायचा. चहाच्या आधी! नाहीतर पुन्हा जीभ फिरायची.

१३ सप्टेंबर

आला. पेढ्याचा पुडा घेऊन.

मी कागद काढायच्या आत, "शेठ, प्रतिभाचं जमलं! आळेफाट्याचं स्थळ. पोराचा सोताचा टेम्पो हाय. तुळशीच्या लग्नानंतर उरकायचं."

मग मोटार समोर ठेवली. टाकीच्या जागी गोडेतेलाचा पत्र्याचा डबा, तारेनं आवळलेला.

"टाकी कुठंय?"

"मोडीत दिली न्हवं! भांडेवाल्याकडं. वरती थोडं पैसं घातलं, लेकीला हांडा-कळशी आली, झळझळीत! तुमी म्हनला नसता पितळंचं येतंय, तर माज्या टकुऱ्यात आलंच नसतं. लई उपकार."

मी उठलो. काय बोललो आठवत नाही. पायात चप्पल नव्हती, तसाच पेठेतून भांड्याच्या दुकानात धावलो. भांडेवाला म्हणाला, "ती जुनी मोड ना? मंगळवारी गाडी गेली भट्टीला." वर विचारतो, "का शेठ, तुमची होती का?"

परत आलो. भागू बाकावर तसाच बसलेला, घाबरलेला. "शेठ, काय चुकलं का माजं?"

मी हात जोडले. "मिच्छामि दुक्कडम्."

"आसू द्या, आसू द्या," तो म्हणाला. त्याला वाटलं सण आहे म्हणून म्हणतोय. दर वर्षी म्हणतोच मी त्याला. पेढा खाल्ला. कागद खिशातच राहिला. आता त्या कागदालाही अर्थ नाही. मूळच्या टाकीशिवाय ती मोटार खरोखरच मोडीची आहे. माझं खोटं माझ्या डोळ्यांदेखत खरं झालं.

१५ सप्टेंबर

जिनेशच्या फोनसाठी थांबलो नाही. पहिल्या एसटीनं डिंभ्याला, तिथून भागूच्याच होडीतून पलीकडं. पोरीला आशीर्वाद द्यायला आलो म्हणून सांगितलं. तो कुणाचं तरी पोतं खांद्यावर घेऊन वर गेला. प्रतिभा काठावर भांडी घासत होती. नवा हंडा बाजूला उन्हात.

कागद दिला. बापाला वाचता येत नाही, तिला येतं. तिनं ओला हात परकराला पुसला, उभं राहून वाचलं. मग पुन्हा वाचलं. मी सगळं सांगितलं, बावा, कार्ड, अठ्ठावीस जून. कशासाठी केलं तेही. सांगताना लाज वाटली. बासष्ट वर्षांचा माणूस, म्हणे एकटं वाटतं!

म्हणालो, "फी मी भरतो. आत्ता भरतो."

"तारीख गेली काका."

"पुढच्या वर्षी?"

"पुढच्या वर्षी मी आळेफाट्याला आसंन."

रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. कागदाच्या चार घड्या केल्या आणि तो माझ्या खिशात परत घातला. वरून भागू खाली येताना दिसत होता. ती हळूच म्हणाली, "बाबांना सांगू नका. कधीच नका. मी गेल्यावर त्यांना बोलायला तुमच्याबिगर कोन हाय?"

२० सप्टेंबर

बाजार. भागू आला. दोन तास बसला.

मी चहा सांगितला.