तेलात कालवलेली पावडर

बाबा, आज घरातल्या कुत्र्याला सुई टोचून आणली आणि तेव्हापासून मी एका जागी बसलेलो नाही. नातीने पाळलंय ते. चिखलीच्या जनावरांच्या डॉक्टरने सुई दिली, गोचिडांसाठी मानेवर सोडायचं औषध दिलं, एक कार्ड दिलं. औषधाचा कागद मी चार वेळा वाचला. किती वजनाला किती थेंब, चाटू द्यायचं नाही, दोन दिवस अंघोळ नाही. मी सातवी नापास माणूस, एकदा वाचून माझी खात्री होत नाही. हे लिहायला बसल्यापासून दोनदा उठून त्याचे डोळे पाहून आलो. नात म्हणते, "आबा, त्याले झोपू द्या ना. तुम्हीच त्याले आजारी पाडसान." तिला काय सांगू. जे सांगायचं ते तुम्हाला सांगायचं होतं, आणि तुम्ही जिवंत असेपर्यंत ते माझ्या तोंडातून निघालं नाही. आपलं कुत्रं पिसाळलेलं नव्हतं.

आपल्या कुत्र्याला नाव नव्हतं. तुम्ही त्याला बे म्हणायचात आणि मलाही बे म्हणायचात. अंगणातून "ये बे" अशी हाक आली की आम्ही दोघंही निघायचो. आई म्हणायची, "शेपटीवाल्याले बोलावलं, तू कायले उठतं?" गावात कुत्री सगळ्यांच्या दारात असायची, पण पाळलेलं कोणी नसायचं. उरलेली भाकर फेकली की झालं. तुमचं तसं नव्हतं. सकाळी त्याची पाण्याची परात तुम्ही राखेने घासायचात. शेतातून आलं की पंजे उलटे करून बोटांमधली कुसळं काढायचात, कान उलटून वास घ्यायचात. शाळा सुटायच्या वेळेला आणि गावात वरात असली की त्याला बांधून ठेवायचात. एकदा, माझं लग्न व्हायच्या आधी, मी ते सोडलं आणि ते पोस्टमनच्या सायकलमागे धावलं. दात लागला नाही, पायजमा तेवढा फाटला. मला वाटलं, आता मार बसतो. तुम्ही मला काही बोलला नाहीत. स्वतः त्याच्या घरी गेलात, नवा पायजमा शिवून दिलात, आणि परत आल्यावर म्हणालात, "त्यानं कोनाले दात लावला तं तो म्या लावला. कुत्रं पाळनं म्हंजे आपले दात दुसऱ्याच्या तोंडात ठेवनं आहे बे."

आठवतं, ढोरांच्या दवाखान्यातला डॉक्टर बैलांना सुया द्यायला गावात आला होता. तो म्हणाला, कुत्र्यालाही सुई असते, पिसाळत नाही मग, बुलढाण्याला घेऊन या. तुम्ही म्हणालात, कापसाची वेचणी झाली की नेतो. ते वाक्य पुढे तुम्हाला किती महागात पडणार होतं, ते मला तेव्हा कसं कळावं.

त्या साली गोचिड्या फार झाल्या होत्या. तुम्ही रोज त्याला मांडीशी दाबून बसायचात, नखाने एकेक काढून घासलेटच्या डब्यात टाकायचात. आत्याकडे बीबी गावाला निघताना मला सांगून गेलात, "दोन दिस हातानं काढजो. कटाळा करू नोको." मी पहिल्याच दिवशी कंटाळा केला. माझा मोठा मुलगा तेव्हा दोन महिन्यांचा होता. आईला त्याच्या पाळण्याच्या दोरीवर गोचीड चढताना दिसली आणि तिने घर डोक्यावर घेतलं. "आज काय तो बंदोबस्त कर, नाही तं मी हाकलते त्याले." माळ्यावर कपाशीला धुरळायच्या पावडरीचं पोतं होतं. बोंडअळी मरते तर गोचीड काय मोठी, असा मी विचार केला. कोरडी पावडर अंगावर टिकेना, म्हणून करडीच्या तेलात कालवली आणि मानेपासून शेपटीपर्यंत चोळली. अगदी जिरवून चोळली, लेकराला चोळावी तशी. ते बिचारं उभं राहिलं. घटकाभरात गोचिड्या गळायला लागल्या. मला वाटलं, बाबा आले की दाखवू.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या बसने तुम्ही येता. दारातच कुत्रं आडवं पडलेलं असतं. चारही पाय झटकतंय, दातावर दात वाजतायत, तोंडाला फेस. कुडाच्या पलीकडून शेजारी ओरडतो, "पिसाळलं, जवळ जाऊ नका." तुम्ही पिशवी टाकता आणि सरळ त्याच्याजवळ बसता. जीभ दातात सापडलीय म्हणून तोंडात बोट घालता. जबडा मिटतो. अंगठ्यातून रक्त येतं. तुम्ही माझ्याकडे पाहता.

"काही खाल्लं का बे यानं? काही लावलं तं नाही तू?"

मी हात पाठीमागे घेतले आणि म्हणालो, "नाही."

मोठं कारण नव्हतं. अंगणात पंधरा माणसं होती, बायको दारात उभी होती, आणि सगळ्यांसमोर तुम्ही मला मूर्ख म्हणाल एवढीच भीती होती. धुरळणीच्या दिवसांत घराला, कपड्यांना, भाकरीलासुद्धा त्या पावडरीचा वास असायचा, म्हणून कुत्र्याचा तुम्हाला निराळा आला नाही. लोकांनी काठ्या आणल्या. तुम्ही म्हणालात, "कोनी हात लावू नोका. माह्या हातचं खाल्लं त्यानं." पोत्यात गुंडाळून त्याला मळ्याकडे नेलंत. जाताना कुऱ्हाड घेऊन गेलात. येताना कुऱ्हाड नव्हती.

मग चौदा सुया, बेंबीच्या भोवती, रोज एक. बुलढाण्याला रोज मीच तुमच्यासोबत यायचो. पोटावर लिंबाएवढ्या गाठी आल्या होत्या, धोतराची गाठ सहन होईना, तुम्ही ती हाताने धरून बसमध्ये बसायचात. रोज जाताना मी ठरवायचो की येताना सांगू. येताना तुम्हाला ताप असायचा. नवव्या की दहाव्या दिवशी तुम्ही खिडकीकडे पाहत म्हणालात, "सुई द्यायची राह्यली ना बे. डॉक्टर सांगून गेलता. म्या आज-उद्या केलं." मी म्हणालो, "जाऊ द्या बाबा." तुम्ही म्हणालात, "काऊन जाऊ देऊ? जनावराचा काय दोष? दोष माहा आहे."

त्यानंतर आपल्या दारात कुत्रं आलं नाही. पण गावात कोणी पिल्लू आणलं की तुम्ही त्याच्या दारात जाऊन उभे राहायचात. "सुई देऊन आन रे बाप्पा. माह्यासारखं नोको करू. म्या माहं कुत्रं आळसानं मारलं." लोक हसायचे, हे म्हातारं पुन्हा आलं म्हणायचे. पण काही जणांनी नेली त्यांची कुत्री. तुम्ही जाईपर्यंत चारचौघांत हे बोलत राहिलात, आणि मी तुमच्या शेजारी उभा असायचो.

तुम्ही गेल्यावर बऱ्याच वर्षांनी मी एका जनावरांच्या डॉक्टरला, दुसऱ्या कोणाची गोष्ट सांगावी तसं, सगळं विचारलं. तो म्हणाला, पिकाचं औषध जनावराला लावायचंच नसतं, आणि तेलात कालवलं की ते कातडीतून लवकर आत जातं. लगेच साबणाने धुवून दवाखान्यात आणलं तर काही जनावरं वाचतात. सगळी नाही, काही. बाबा, रांजण भरलेला होता. साबण न्हाणीत होता. मी एक शब्द बोललो असतो तर तुम्ही त्याला धुतलं असतं.

आत्ता पुन्हा पाहून आलो. झोपलंय, पोट नीट हलतंय. नातीने त्याला काही इंग्रजी नाव ठेवलंय, ते माझ्या जिभेवर बसत नाही. ती शाळेत गेली की मी त्याला बे म्हणतो आणि ते येतं. पंजे मी रोज पाहतो, कानाचा वास घेतो, गोचीड दिसली तर हाताने काढतो. रस्त्यावर दोरीशिवाय नेत नाही. लोकांना वाटतं, म्हाताऱ्याला हौस आहे.

हे नातीच्या वहीचं पान आहे. घडी करून कुत्र्याच्या कार्डात ठेवीन, नाही तर चुलीत घालीन, अजून ठरत नाही. एक सांगायचं राहिलं. सकाळी ते कार्ड भरताना डॉक्टरने सहज विचारलं, "आजोबा, याच्या अगोदर घरी कुत्रं होतं का?" नात माझ्याकडे पाहत होती. मी हात पाठीमागे घेतले आणि म्हणालो, "नाही."