दिलेला बेडका

३ मार्च
बोटीतून उतरलो आणि नोकरीच लागली! अबेमामा बेटावरून राजधानीत, तारावात आलो होतो खरं तर फुटबॉल बघायला. मामाच्या ओळखीने दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काचा रंगवायचं काम मिळालं. शिक्षण किती विचारलं, मी म्हटलं वाचता येतं. मुख्य बाई, नेई तेकारारा, म्हणाल्या की पुरे झालं, जंतूंना कुठे लिहिता येतं. बेडका काचेवर पसरायचा, लाल रंग ओतून खालून वाफ निघेपर्यंत तापवायचं, आम्लाने धुवायचं, वर निळा रंग. सगळं निळं होतं, क्षयाचे जंतू तेवढे लाल काड्यांसारखे राहतात. शंभर ठिकाणं बघितल्याशिवाय 'स्वच्छ' लिहायचं नाही. गावाकडचा मित्र रुतेरू इथेच राहतो, त्याच्या घरी चटई टाकलीय. तो माडी छान काढतो.

९ मार्च
वैताग. वीज गेली म्हणून आरशाचा सूक्ष्मदर्शक काढला, तर ढग आले. लोकांना बेडका आण म्हटलं की नुसती थुंकी आणतात. मी रंग उकळवला, बोलणी खाल्ली. त्यात रुतेरूने स्वतःच्या बेडक्याची डबी दिली. परदेशी बोटीवर नोकरी मिळालीय त्याला, क्षय नसल्याचा दाखला हवा. काच बघितली. लालच लाल.
सांगितलं त्याला. तो हसला. खोकला, मग परत हसला.
"भाऊ, माझ्या डबीत तुझा बेडका दे. बुबुसी समज."
बुबुसी म्हणजे हक्काचं मागणं; ते केलं की आमच्यात नाही म्हणत नाहीत. नाही म्हणणाऱ्याला सभेच्या मांडवात कुणी शेजारी बसवून घेत नाही. माझी सायकल अशीच गेली, मेहुण्याकडे. चांगली होती, नवी घंटा लावली होती. दिलेलं परत मागायचं नसतं.

१२ मार्च
दिला. माझा तंबाखूचा खोकला कामी आला. त्याची लाल काच धुऊन टाकली. नव्या काचेवर शंभर ठिकाणं, एकही काडी नाही. बाईंनी सही केली. डबीवर नाव मीच लिहिलं होतं: रुतेरू.

२८ एप्रिल
रुतेरू गेला. बोटीवर, रक्त ओकून. तिथेच समुद्रात सोडला. औषध घेतलं असतं तर वाचला असता. मला माहीत होतं. फक्त मला.

२ मे
सकाळी खिडकीत डबी. नाव रुतेरू, अक्षर माझं. कोमट. शिपाई म्हणतो, कुणीच आलं नाही. कुणीतरी चावटपणा करतंय. चिडून काच रंगवली. स्वच्छ. शंभरच्या शंभर. खिडकीच्या कठड्यावर खारं पाणी.

५ मे
परत डबी. परत स्वच्छ. मला घाम येतोय. खोकला थांबत नाही. म्हणून स्वतःचीही काच केली — लाल. वाटलं, भिंगाखाली थेंब टाकायच्या तेलाची नळी आधीच्या काचेला लागली असेल. नवं तेल घेतलं. नवी काच. लाल. शिव्या घालून झाल्या. तिसरी पण —

७ मे
नेई तेकारारांनी काच हातातून काढून घेतली, पाहिली. सहा महिने गोळ्या, बरा होशील म्हणाल्या. मग मी त्यांना सगळं सांगितलं. त्या कितीतरी वेळ काच पुसत राहिल्या, पुसायला काही उरलं नव्हतं तरी.
"बाउरो, छातीतलं देऊन बसलास. दिलेलं परत मागता येत नाही."

८ मे
गोळ्या घेतल्या. ओकल्या. त्याची डबी आलीय. स्वच्छ. माझी — मोजता येत नाहीत.

९ मे
रुतेरू भर उन्हात उभा आहे. खिडकीत. अंगातून पाणी गळतंय. खोकत नाही आता. छाती कशी वरखाली होतेय, माझ्यासारखी, पूर्वीच्या —
हातात रिकामी डबी.
म्हणतो, भाऊ, खाली श्वास पुरत नाही. बुबुसी समज.
तोंडाने 'नाही' म्हणवत नाही. म्हणून इथे लिहितो. ना