पेरूखालची टरफलं

८ फेब्रुवारी १९६५, सोमवार

गेली खोली! पेरूच्या झाडाखाली अंड्याची टरफलं सापडली. घर माळकरी, भाडेकरू मी एकटाच — म्हणजे चोर ठरलेलाच. वरून माझ्या भिंतीवर प्लॅटिपसचा तक्ता, कॉलेजच्या पोरांसाठी मीच रंगवलेला. त्यात दोन अंडी! घरमालकीण विमलाबाई म्हणे, "खात नाई तं चित्र काहून काढलं, मास्तर?"

रविवारी फैसला. करणार शेजारचे टिकारामजी, तहसीलचे रिटायर बाबू.

१० फेब्रुवारी

मी लिहितो त्या कादंबरीत एकही पूर्णविराम टाकायचा नाही. बावन्न पानं झाली! सारी या खिडकीत बसून. खोली बदलली तं पूर्णविराम सुरू होतील.

१४ फेब्रुवारी, रविवार

ओट्यावर पेशी, टिकारामजींसमोर माझी सुनावणी. निदान चित्र तरी निर्दोष सुटावं म्हणून तक्ता घेऊनच बसलो. हा ऑस्ट्रेलियातला, म्हटलं. चोच बदकाची, अंगावर केस. अंडी घालते, पण पिल्लांले दूध पाजते. थानं नाहीत — दूध कातडीतूनच पाझरते.

टिकारामजी बेचैन. जन्मभर रजिस्टरं भरलेला माणूस! एक नाव दोन खान्यांत कसं चालंल म्हणे, कोणता तो एकच खाना सांगा. मी म्हटलं, सस्तनांचा. शास्त्रज्ञही लय वर्षं भांडले यावर.

विमलाबाई तक्ता पाहतच होती. अंडं किती दिवस राह्यते, तिनं विचारलं. दहा. आन दूध? तीन-चार महिने.

"मंग दूधवालीच आहे ते," ती म्हणाली. "अंडं दहा दिवसाचं."

माझ्या वर्गाले हेच समजवाले तीन तास लागले!

चित्र सुटलं. मी नाही. टरफलं ती टरफलं — महिनाअखेर खोली खाली.

१६ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटचा तास झालाच नाही, लवकर घरी आलो. पेरूच्या फांदीवर तुळशीची माळ टांगलेली. खाली विमलाबाई, पाठमोरी, उकडलेलं अंडं सोलून राह्यलेली. मले पाहून हातच थांबला तिचा. डॉक्टरनं सांगितलं म्हणे — अंगात रक्त नाही, महिनाभर रोज एक.

अंडं खाल्लं, चूळ भरली, माळ गळ्यात घातली. मंग हळूच, "महिन्याभराचं अंडं. बाकी जन्मभर दूधच न, मास्तर?"

"हौ," म्हटलं. "सस्तन."

खोली राह्यली. टरफलं आता रोज माझ्या खिशातून कॉलेजात जातात